हौसेला मोल नाही, पण देखभालीला आहे!

लहान खासगी विमान विकत घेणे हा पैशाचा प्रश्न असेल. ते वर्षानुवर्षे सुरक्षित उडवत ठेवणे हा मात्र शिस्तीचा प्रश्न आहे. चार आसनी विमानाची मालकी म्हणजे नेमके काय, पैसा कुठे खर्च होतो, धोका कुठे दडलेला असतो आणि कायदा मालकाकडून काय अपेक्षितो, याचा हा आढावा.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी मुंबईच्या जुहू विमानतळावर एक छोटेखानी, एका इंजिनाचे विमान उतरले. ते चालवत होते ७८ वर्षांचे जे. आर. डी. टाटा. बरोबर ५० वर्षांपूर्वी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, त्यांनी 'पस मॉथ' विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत टपाल आणले होते. त्या उड्डाणाच्या स्मृतिप्रीत्यर्थ ते पुन्हा त्याच मार्गाने, एकट्याने आले. या वेळचे विमान होते डी हॅविलंड कंपनीचे 'लेपर्ड मॉथ'. वैमानिकाच्या वयाचे कौतुक साऱ्या देशाने केले. परंतु ज्या विमानाने त्यांना सुखरूप आणले, तेही १९३० च्या दशकातच बांधलेले होते, याची चर्चा त्या मानाने कमी झाली. ज्या काळातल्या मोटारी एव्हाना भंगारात गेल्या होत्या, त्या काळातले लाकूड आणि कापडाचे विमान समुद्रावरून आणि वाळवंटावरून उडत मुंबईला पोहोचले, ते कशाच्या बळावर?

उत्तर एका शब्दात द्यायचे तर 'निगा'. विमानाचे आयुष्य त्याच्या जन्मवर्षावरून ठरत नाही. ते किती तास उडाले, कुठे उभे राहिले, कोणी हाताळले आणि त्याच्या नोंदवहीत काय लिहिले गेले, यावरून ते ठरते. खासगी विमान म्हटले की आपल्याकडे उद्योगपतींची झगमगीत जेट विमाने डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात जगातल्या खासगी विमानांपैकी फार मोठा हिस्सा पिस्टन इंजिनाच्या, दोन ते सहा आसनांच्या साध्या विमानांचा आहे. त्यांचे मालक अनेकदा डॉक्टर, शेतकरी, छोटे व्यावसायिक किंवा निवृत्त नोकरदार असतात. अर्थात हे चित्र प्रामुख्याने अमेरिकेतले. म्हणूनच मालकीचा हा संसार समजून घ्यायचा, तर सुरुवात तिथल्या सर्वांत परिचित विमानापासून करणे सोयीचे ठरते.

जुन्या विमानांचा बाजार

अमेरिकेतील कान्सास राज्यात जन्मलेले 'सेस्ना १७२' हे जगात सर्वाधिक संख्येने बांधले गेलेले विमान आहे. १९५५ मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले आणि तेव्हापासून ४४ हजारांहून अधिक सेस्ना १७२ बांधली गेली. वर पंख, खाली तीन चाके, पुढे एक इंजिन आणि आत चार आसने अशी त्याची साधी रचना. ताशी दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर वेगाने ते जाते आणि तासाला साधारण ३० ते ३५ लिटर इंधन पिते. आसने चार असली, तरी चार धडधाकट माणसे, त्यांचे सामान आणि काठोकाठ भरलेल्या टाक्या असे सारे एकाच वेळी नेणे बहुतेक नमुन्यांना झेपत नाही. हा हिशेब प्रत्येक उड्डाणापूर्वी मालकालाच करावा लागतो.

या विमानाच्या इतिहासात दहा वर्षांचा एक खंड आहे. अपघातांनंतर उत्पादकांवर भरपाईचे दावे इतके वाढले, की सेस्ना कंपनीने १९८६ मध्ये पिस्टन इंजिनाच्या विमानांचे उत्पादनच थांबवले. पुढे १९९४ मध्ये अमेरिकेने कायदा करून १८ वर्षांहून जुन्या छोट्या विमानांबाबत उत्पादकाच्या दायित्वाला मर्यादा घातली आणि १९९६ मध्ये हे उत्पादन पुन्हा सुरू झाले. आज नव्या सेस्ना १७२ ची किंमत चार लाख डॉलरच्या पुढे गेली आहे. त्यामुळे सामान्य हौशी ग्राहक वळतो तो १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या जुन्या विमानांकडे. म्हणजेच त्याने घेतलेले विमान पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या वयाचे, क्वचित त्याहूनही जुने असते.

जुनी मोटार घेताना ओळखीचा मेकॅनिक सोबत नेण्याची रीत आपल्याकडे आहे. विमानाच्या बाबतीत ही रीत म्हणजे गरजच होय. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या अभियंत्याकडून खरेदीपूर्व तपासणी करून घ्यावी, असा सल्ला जाणकार देतात. रंग आणि आसनांची गादी नवी असली म्हणून विमान नवे होत नाही. पाहायचे असते ते पंखांच्या आतल्या बाजूला गंज धरला आहे काय, सिलिंडरमधला दाब टिकतो काय आणि पूर्वी कधी पंखा जमिनीला आपटला होता काय. इंजिन सुरू असताना पंखा जमिनीवर आपटला, तर बाहेरून फक्त पात्याचे टोक वाकलेले दिसते. परंतु तो धक्का आत क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचलेला असू शकतो. म्हणून अशा घटनेनंतर इंजिन पूर्ण उघडून तपासावे, असा इंजिन उत्पादकांचा आदेश असतो. तशी तपासणी झाली की नाही, हे कळते ते नोंदवहीतून. म्हणूनच ज्या विमानाच्या जुन्या नोंदवह्या हरवल्या आहेत, त्याची किंमत बाजारात लक्षणीयरीत्या घसरते.

खर्चाचे दोन खिसे

विमानाचा खर्च दोन खिशांतून जातो. एक खिसा स्थिर खर्चाचा. हँगरचे भाडे, विमा आणि वार्षिक तपासणी यांसाठी विमान वर्षभरात एकदाही उडाले नाही, तरी पैसे मोजावे लागतात. दुसरा खिसा तासागणिक खर्चाचा. त्यात इंधन, ऑईल, टायर, ब्रेक आणि इंजिनाच्या पुढच्या दुरुस्तीसाठी बाजूला टाकावयाची रक्कम येते.

हे गणित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या मालकाचा स्थिर खर्च वर्षाला १२ हजार डॉलर आहे. तो वर्षाला ४० तास उडाला, तर प्रत्येक तासावर या खर्चाचा ३०० डॉलरचा बोजा पडतो. १२० तास उडाला, तर तो १०० डॉलरवर येतो. याउलट भाड्याच्या विमानाचे पैसे उडेल तेवढ्याच तासांचे द्यावे लागतात. साहजिकच वर्षाकाठी तीस-चाळीस तास उडणाऱ्याने स्वतःचे विमान घेणे हा निव्वळ हिशेबाच्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार असतो. मनात आले की निघता यावे, विमानाचा प्रत्येक आवाज ओळखीचा असावा, हे मालकीचे सुख वेगळे. पण त्याला स्वस्ताईचे नाव देता येत नाही.

यावर अमेरिकेत रुळलेला तोडगा म्हणजे भागीदारी. तिघे-चौघे मिळून एक विमान घेतात, स्थिर खर्च वाटून घेतात आणि तासांप्रमाणे ठरावीक रक्कम सामाईक खात्यात जमा करतात. आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीच्या देखभाल निधीसारखीच ही पद्धत. आणि तिचे यशही सोसायटीप्रमाणेच हिशेब लेखी आहेत की नाहीत, यावर अवलंबून असते. विमान कोणी कधी न्यायचे, मोडतोड झाली तर कोणी भरायचे, एखाद्याला बाहेर पडायचे असेल तर त्याच्या हिश्श्याची किंमत कशी ठरवायची, हे आधी लिहून ठेवले नाही, तर चांगली मैत्री आणि चांगले विमान दोन्ही जमिनीवर येतात.

इंजिनाची दोन घड्याळे

विमानाच्या मालकाला सर्वांत मोठा एकरकमी खर्च पडतो तो इंजिनाच्या संपूर्ण दुरुस्तीचा, म्हणजेच ओव्हरहॉलचा. सेस्ना १७२ च्या अनेक नमुन्यांत बसवलेल्या लायकमिंग कंपनीच्या इंजिनांसाठी उत्पादकाची सर्वसाधारण शिफारस २,००० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, अशी आहे. म्हणजे या इंजिनावर दोन घड्याळे चालू असतात. एक तासांचे आणि दुसरे दिनदर्शिकेचे.

पहिले घड्याळ सर्वांना दिसते. दुसरे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. समजा, ओव्हरहॉलचा खर्च ३६ हजार डॉलर आहे. मालकाने २,००० तासांच्या हिशेबाने तासाला १८ डॉलर बाजूला टाकले; पण तो वर्षाला १०० तासच उडाला, तर १२ वर्षांत फक्त १,२०० तास होतात आणि जमा होतात २१,६०० डॉलर. उरलेल्या १४,४०० डॉलरची तजवीज केलेली नसते. अमेरिकेत केवळ हौसेसाठी उडणाऱ्या मालकावर ही मुदत कायद्याने सक्तीची नाही. इंजिनाची प्रकृती तपासत ती ओलांडता येते. परंतु पैशाअभावी मुदत ओलांडणे आणि पुरेशा तपासणीनंतर ओलांडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

प्रकृती तपासण्याचे मार्गही निश्चित आहेत. ऑईल फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत काय, हे पाहिले जाते. ऑईलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यातील लोह, क्रोमियम, ॲल्युमिनियमचे प्रमाण मोजले जाते. एका नमुन्यातील आकड्याला फारसा अर्थ नसतो. मागच्या चार नमुन्यांच्या तुलनेत तो वाढला काय, याला असतो. रक्तातली साखर वेळोवेळी मोजणाऱ्या रुग्णाला हे वेगळे समजावून सांगायला नको. सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा घालून झडपांचे रंगरूप पाहण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे.

उभे विमान गंजते

कमी वापरलेली वस्तू अधिक टिकते, हा आपला नेहमीचा अनुभव. विमानाचे इंजिन या समजाला सणसणीत अपवाद आहे. लायकमिंगच्या इंजिनांत कॅमशाफ्ट हा महत्त्वाचा दांडा वरच्या बाजूला असतो. इंजिन बंद झाले की त्यावरचे ऑईल हळूहळू खाली ओघळते. विमान कित्येक आठवडे उभे राहिले, तर त्या उघड्या पडलेल्या पोलादावर हवेतील दमटपणामुळे गंज धरतो. पुढच्या वेळी इंजिन सुरू होताच तो खरखरीत पृष्ठभाग घासू लागतो आणि लोखंडाचा कीस ऑईलमध्ये उतरतो. म्हणून जुन्या विमानाच्या जाहिरातीत '२० वर्षांत फक्त २०० तास' असे लिहिलेले आढळले, तर जाणकार आनंदण्याऐवजी सावध होतात.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरणही सेस्ना १७२ नेच घालून दिले आहे. ४ डिसेंबर १९५८ रोजी रॉबर्ट टिम आणि जॉन कुक हे दोघे लास व्हेगासहून उडाले, ते ७ फेब्रुवारी १९५९ रोजीच उतरले. ६४ दिवस, २२ तास आणि १९ मिनिटे हे विमान सलग हवेत होते. रस्त्यावरून धावणाऱ्या ट्रकमधून नळी वर ओढून ते इंधन घेत आणि इंजिन न थांबवता ऑईल व फिल्टर बदलण्याची खास सोय त्यात केलेली होती. एकच इंजिन दीड हजाराहून अधिक तास अखंड चालले. अखेर आत साठलेल्या काजळीमुळे त्याची शक्ती इतकी घटली, की विमानाला वर चढणे कठीण झाले आणि विक्रमवीरांना उतरावे लागले. ते विमान आज लास व्हेगासच्या विमानतळावर छताला टांगून जतन केलेले आहे.

एवढा अट्टहास कोणी करावा, असे अर्थातच नाही. पण दोन-तीन आठवड्यांतून एकदा तरी विमान उडवावे आणि ऑईल पूर्ण तापून त्यातील पाण्याची वाफ निघून जाईल इतका वेळ ते हवेत ठेवावे, हा सल्ला यातूनच आला आहे. जमिनीवर पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करण्याने समाधान मिळते, फायदा होत नाही. उलट आत दमटपणा वाढतो. ऑईल बदलण्याचा नियमही याच तत्त्वावर आहे. पूर्ण क्षमतेचा फिल्टर असेल, तर ५० तास किंवा चार महिने, यांपैकी जे आधी होईल तेव्हा ऑईल बदलावे, असे उत्पादक सांगतो.

समुद्रकिनाऱ्यावरच्या शहरांत ही समस्या दुप्पट होते. मुंबईच्या खाऱ्या हवेत खिडकीचे गज काही वर्षांत कसे फुगतात, हे कोणाही मुंबईकराला ठाऊक आहे. जुहूची सुरुवातीची धावपट्टी तर पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि टाटांच्या टपाल विमानांना त्या काळात मुक्काम पुण्याला हलवावा लागे. विमान उघड्यावर ठेवायचे की हँगरमध्ये, हा प्रश्न म्हणूनच केवळ ऐषारामाचा नाही. उघड्यावरचे विमान दोरांनी बांधावे लागते, सुकाणूचे भाग अडकवून ठेवावे लागतात, हवेचा वेग मोजणाऱ्या पिटो नळीवर आवरण घालावे लागते. ते विसरले आणि एखाद्या माशीने त्या नळीत मातीचे घर केले, तर वैमानिकाला हवेत गेल्यावर आपला वेगच कळत नाही.

आसनाच्या रुळापासून धुराड्यापर्यंत

अमेरिकेच्या नियमांनुसार प्रत्येक खासगी विमानाची दर १२ महिन्यांनी संपूर्ण तपासणी व्हावी लागते. विमान भाड्याने किंवा प्रशिक्षणासाठी वापरले जात असेल, तर दर १०० तासांनीही ती करावी लागते. या तपासणीत विमानाचे पत्रे उघडले जातात, तारा आणि कप्प्या पाहिल्या जातात, सिलिंडरचा दाब मोजला जातो. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि इंजिनाला दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर उतरता यावे, हा हेतू. ही दुहेरी व्यवस्था दोन्ही बाजूंनी शाबूत आहे ना, हेही पाहिले जाते.

त्याखेरीज असतात ते उड्डाणयोग्यता निर्देश. जगात कुठेही एखाद्या प्रकारच्या विमानात धोकादायक दोष आढळला, की नियामक संस्था हे निर्देश काढते आणि त्या प्रकारच्या सर्व विमानांना ते बंधनकारक होतात. सेस्नाच्या आसनांविषयीचा निर्देश याचे बोलके उदाहरण आहे. वैमानिकाचे आसन रुळावर पुढे-मागे सरकते आणि खटक्याने जागी बसते. रूळ झिजला, भोक मोठे झाले आणि ऐन उड्डाणाच्या क्षणी खटका निसटला, तर आसन झरकन मागे सरकते. घाबरलेला वैमानिक हातातल्या सुकाणूलाच धरून राहतो, विमानाचे नाक वर उचलले जाते आणि विमान कोसळू शकते. असे अपघात झाल्यानंतर या रुळांची नियमित तपासणी सक्तीची झाली. २०११ च्या निर्देशानुसार ती दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी करावी लागते. दोष एवढासा, पण त्याची किंमत संपूर्ण विमान आणि आतली माणसे.

दुसरा धोका तर दिसतही नाही. छोट्या विमानात केबिन उबदार ठेवण्यासाठी धुराड्याच्या मफलरभोवती खेळवलेली गरम हवा आत सोडतात. मफलरला बारीक तडा गेला, तर त्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला ना रंग, ना वास. अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला २१ जानेवारी २०१९ रोजी एका छोट्या पायपर मालिबू विमानाने फ्रान्सहून वेल्सला निघाला होता. ते विमान इंग्लिश खाडीत कोसळले. सालाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडशी संयोग पावलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण ५८ टक्के आढळले. वैमानिकावरही या वायूचा परिणाम झाला असावा, असा निष्कर्ष ब्रिटनच्या अपघात तपास शाखेने २०२० मध्ये काढला. त्या वैमानिकाकडे रात्री उडण्याची पात्रता नव्हती आणि पैसे घेऊन प्रवासी नेण्याची परवानगीही नव्हती, हेही तपासात पुढे आले. केबिनमध्ये वायूची सूचना देणारे उपकरण मात्र विमानाच्या इतर कोणत्याही सुट्या भागाच्या मानाने अगदी स्वस्त असते.

जबाबदार कोण?

येथे मालकीचा खरा अर्थ पुढे येतो. अमेरिकेचा नियम निःसंदिग्ध आहे. विमान उड्डाणयोग्य स्थितीत ठेवण्याची प्राथमिक जबाबदारी त्याच्या मालकाची किंवा ते चालवणाऱ्या संस्थेची असते. अभियंत्याने सही केली, एवढ्याने मालक सुटत नाही. कोणते निर्देश लागू आहेत, कोणत्या तपासणीची मुदत कधी संपते, हे ठाऊक असणे त्याच्याकडून अपेक्षित असते.

जबाबदारीबरोबर काही अधिकारही आहेत. वैमानिकाचा परवाना असलेल्या मालकाला तिथे तीसेक किरकोळ कामे स्वतः करता येतात. ऑईल बदलणे, टायर बदलणे, स्पार्क प्लग साफ करणे, बॅटरी बदलणे अशी ती कामे होत. मात्र प्रत्येक कामाची तारीख, तपशील, सही आणि परवाना क्रमांक नोंदवहीत लिहिलाच पाहिजे. वार्षिक तपासणीत अभियंत्याच्या देखरेखीखाली पत्रे उघडायला मदत करणारे मालकही असतात. त्यातून थोडे पैसे वाचतात. पण खरा लाभ असा, की आपण ज्यावर जीव सोपवतो त्या यंत्राचे अंतरंग मालकाला कळते.

विमानाइतकीच वैमानिकाचीही देखभाल करावी लागते. जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचे पायपर साराटोगा विमान १६ जुलै १९९९ रोजी रात्रीच्या धूसर हवेत समुद्रात कोसळले, तेव्हा तपासात यांत्रिक बिघाड आढळला नाही. वैमानिकाला दिशाभ्रम झाला होता. सोबत प्रवासी न्यायचे, तर मागच्या ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे केलेली असावीत आणि दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकासमवेत उजळणी व्हावी, हे अमेरिकेतील नियम आहेत.

भारतातली वाट

भारतात ही हौस अधिक बिकट वाटेने जाते. जुहू विमानतळ आणि मुंबईचा फ्लाइंग क्लब दोन्ही १९२८ पासूनचे. त्याच काळात, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, जे. आर. डी. टाटांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. परंतु आज जुहूवर प्रामुख्याने हेलिकॉप्टरांचा वावर आहे आणि मुंबईच्या क्लबला प्रशिक्षणाची उड्डाणे धुळ्याला न्यावी लागली. मोठ्या शहरांच्या विमानतळांवर प्रवासी विमानांचीच इतकी दाटी असते, की चार आसनी विमानाला उभे राहायला जागा मिळणे हाच पहिला अडथळा ठरतो.

कागदपत्रांची मालिकाही लांब आहे. आयातीसाठी पूर्वपरवानगी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी, उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, दरवर्षीचे उड्डाणयोग्यता पुनरावलोकन प्रमाणपत्र, रेडिओ संचाचा स्वतंत्र परवाना आणि विमा अशी ती जाते. नोंदणी झाली की 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होणारी ओळख मिळते, पण उडण्याची परवानगी नव्हे. हा फरक महाराष्ट्राने कॅप्टन अमोल यादव यांच्या उदाहरणातून जवळून पाहिला. कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर त्यांनी बांधलेले सहा आसनी विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात झळकले. त्याची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली. मात्र उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९ उजाडले.

खर्चाच्या बाबतीत करांचा वाटा मोठा आहे. वैयक्तिक वापराच्या विमानावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. सुटे भाग बहुतांशी परदेशातून येतात. शिवाय खासगी वर्गात नोंदलेले विमान भाड्याने देऊन खर्च भरून काढावा म्हटले, तर तशी मुभा नाही. त्यासाठी वेगळा व्यावसायिक परवाना लागतो. उड्डाणापूर्वी मार्गाचा आराखडा दाखल करून हवाई संरक्षण विभागाचा मंजुरी क्रमांक घ्यावा लागतो आणि केवळ डोळ्यांनी पाहून करावयाच्या उड्डाणांना रात्री सर्वसाधारणपणे मनाई असते. अमेरिकेतला हौशी वैमानिक सकाळी हँगर उघडून, हवामान पाहून निघू शकतो. इथल्या मालकाला त्याआधी कागदांचे हँगर उघडावे लागते.

इंधनाची गोष्ट आणखी वेगळी. पिस्टन विमाने प्रवासी विमानांचे इंधन वापरत नाहीत. त्यांना '१०० एलएल' नावाचे निळसर पेट्रोल लागते. टाकीच्या तळातून थोडे इंधन पारदर्शक भांड्यात काढून त्याचा निळा रंग आणि तळाशी पाणी नसल्याची खात्री करणे, हा प्रत्येक उड्डाणापूर्वीचा नेम आहे. भारत हे इंधन वर्षानुवर्षे आयात करत होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑईलने बडोद्याच्या गुजरात शुद्धीकरण प्रकल्पात तयार केलेले देशी इंधन बाजारात आणले. मात्र या पेट्रोलमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असते. भारतात वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्येच बंद झाले. विमानांत ते राहिले आहे. या शिशामुळे सार्वजनिक आरोग्याला धोका आहे, असा निष्कर्ष अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केला आणि २०३० च्या अखेरीपर्यंत शिसेविरहित इंधनाकडे वळण्याचे तिथल्या नियामकांचे व उद्योगाचे उद्दिष्ट आहे. जुन्या इंजिनाच्या मालकांपुढे येत्या काळातला हा मोठा प्रश्न आहे. जेट इंधनावर चालणारी डिझेल पद्धतीची आणि मोटारीच्या पेट्रोलवर चालणारी हलकी इंजिने हे त्यावरचे पर्याय उपलब्ध झाले आहेत; मात्र जुन्या विमानात ती बसवणे खर्चिक आहे.

हिशेब कशाचा?

एवढे सगळे करून कोणी विमान का बाळगावे, असा प्रश्न साहजिक आहे. पैशाच्या भाषेत त्याचे पटणारे उत्तर क्वचितच मिळेल. पण विमान घेऊ इच्छिणाऱ्याने स्वतःला विचारावयाचे प्रश्न मात्र सोपे आहेत. वर्षाला किमान शंभर तास उडणे आपल्याला जमेल काय? नसेल, तर क्लबचे विमान किंवा भागीदारी अधिक शहाणपणाची नाही काय? खरेदीची रक्कम दिल्यानंतर, पहिल्याच वार्षिक तपासणीत अनपेक्षित बिल आले, तर ते भरण्याइतकी शिल्लक हाताशी आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सहकुटुंब निघण्याची सारी तयारी झालेली असताना इंजिनाचा आवाज किंचित वेगळा वाटला, तर त्या दिवशी घरी परतण्याची मनाची तयारी आहे काय?

मोटार बिघडली तर ती रस्त्याच्या कडेला लावता येते. आकाशाला कडा नसते. म्हणून विमानाची दुरुस्ती बिघाड होण्यापूर्वीच करावी लागते आणि तिचे बिल आनंदाने नसले, तरी वेळेवर भरावे लागते. १९८२ मध्ये जुहूला उतरलेल्या त्या लेपर्ड मॉथच्या पंखांत वैमानिकाच्या जिद्दीइतकेच अनेक अनामिक अभियंत्यांचे कष्ट होते. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो, ते खरेच. मात्र ती हौस सुखरूप जमिनीवर परत आणायची, तर देखभालीचे मोल प्रत्येक वेळी चुकते करावेच लागते.